वाकावं की वाकू नये?

माझ्या फोनमध्ये 'पाठ' नावाची एक नोट आहे. गेल्या वर्षी पावसाळ्यात लिहिलेली. तिच्यात चार ओळी आहेत.

एक : पुढे अजिबात वाकायचं नाही.
दोन : पाठीवर झोपून गुडघे छातीशी घ्यायचे.
तीन : पोटावर झोपून छाती उचलायची. गुडघे छातीशी मुळीच घ्यायचे नाहीत.
चार : तीन आठवडे पडून राहायचं. व्यायाम बंद.

या चारही सूचना मला एकाच महिन्यात, एकाच एमआरआयकडे बघून, चार वेगवेगळ्या जाणत्या माणसांनी दिल्या. चौघंही आपापल्या विषयात मुरलेले आणि चौघंही ठाम.

झालं होतं एवढंच, की आंघोळीची बादली उचलायला वाकलो आणि कमरेत वीज चमकावी तशी कळ आली. दोन दिवसांनी ती कळ कमरेतून निघून डाव्या पोटरीत जाऊन बसली. रिपोर्टमध्ये 'एल-५, एस-१ पातळीवर डिस्क प्रोट्रूजन' असं लिहून आलं. आईने त्याचं भाषांतर केलं, "गादी सरकली." वय अठ्ठावीस, काम दिवसभर खुर्चीत बसून कोड लिहायचं, आणि दर शनिवार-रविवारी सह्याद्रीत भटकायची सवय. त्यानंतरचे सहा आठवडे रोज सकाळी आई माझ्या पायांत मोजे चढवत होती. ती खाली बसलेली आणि मी पलंगाच्या कडेला ताठ, शाळेत जायला निघालेल्या पोरासारखा. दुखण्यापेक्षा ते जास्त लागायचं.

आमच्या कामात कधीकधी एखादी जुनी फाइल उघडली की वर 'इथे हात लावू नका' एवढंच लिहिलेलं सापडतं. का, ते लिहिलेलं नसतं. अशा वेळी आम्ही ती ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली, तेव्हा नेमकं काय मोडलं होतं, ते शोधतो. बऱ्याचदा कळतं, की लिहिणारा त्याच्या जागी बरोबर होता, पण ज्या अडचणीसाठी त्याने ते लिहिलं ती अडचणच आता उरलेली नाही. पडून राहण्याची सक्ती असल्यामुळे वेळ भरपूर होता. म्हटलं, या चार ओळींचाही इतिहास काढू.

पाय उचलून बघणारा कथाकार

पहिल्या तपासणीत डॉक्टरांनी मला उताणं झोपवलं आणि गुडघा न वाकवता डावा पाय हळूहळू वर उचलला. अर्ध्यावर जाण्याआधीच मी ओरडलो. त्यांनी मान डोलावली आणि काहीतरी लिहिलं.

ही तपासणी जगभर 'लासेग' नावाने ओळखली जाते. शार्ल लासेग हा पॅरिसमधला नामांकित वैद्य. त्याच्या फोर्स्ट नावाच्या विद्यार्थ्याने १८८१ साली आपल्या प्रबंधात ती नोंदवली. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १८८० मध्ये, लाझा लाझारेविच नावाच्या सर्बियन डॉक्टरने याच तपासणीवर लेख लिहिला होता आणि पाय उचलल्यावर कळ येते ती नस ताणली जाते म्हणून, हेही त्यात सांगितलं होतं. लेख सर्बियन भाषेत होता, त्यामुळे पॅरिसमध्ये कुणी वाचला नसावा. लाझारेविच आज त्याच्या देशात डॉक्टर म्हणून जितका आठवला जातो, त्याहून जास्त कथाकार म्हणून. सर्बियन वास्तववादी कथेच्या पहिल्या पिढीतलं ते नाव आहे.

त्याच्याही आधी, १७६४ साली, नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो याने सायटिकावर पुस्तक लिहून हे दुखणं सांध्याचं नसून नसेचं असू शकतं असं मांडलं होतं. म्हणजे नस दुखते हे कळून अडीचशे वर्षं झाली. ती कशामुळे दुखते हे कळायला मात्र १९३४ साल उजाडावं लागलं. मधल्या काळात लोक काय करत होते, याचं उत्तर माझ्या चौथ्या ओळीत आहे.

पडून राहा, हे कुणी सांगितलं?

मला वाटायचं, पाठ धरली की पडून राहणं हे आदिम शहाणपण असणार. तसं नाही. एकोणिसाव्या शतकात पाठीच्या दुखण्यावर व्यायाम सांगणारे लोक होते. स्टॉकहोममध्ये १८६५ साली गुस्ताफ झांडर याने यंत्रांनी व्यायाम करवून घेणारी संस्था काढली. तरफा, वजनं आणि चाकं असलेल्या त्या यंत्रांची चित्रं पाहिली तर आजच्या जिमची आजीच वाटते. प्रत्येक रुग्णाला त्याच्या ताकदीनुसार वजन लावायचं आणि हळूहळू वाढवायचं, ही कल्पना तिथे होती.

विश्रांतीचा जोर आला तो इंग्लंडमधून. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलचा सर्जन जॉन हिल्टन याने १८६० ते १८६२ या काळात विश्रांती आणि वेदना या विषयावर व्याख्यानं दिली. १८६३ मध्ये त्यांचं पुस्तक झालं आणि पुढे कैक वर्षं ते शिकवलं गेलं. लिव्हरपूलमध्ये ह्यू ओवेन थॉमस होता. हाडवैद्यांच्या घराण्यातला, पण रीतसर डॉक्टरी शिकलेला. पाय मोडल्यावर लावतात ती 'थॉमस स्प्लिंट' त्याचीच. हाड-सांध्यांना सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्या, हा त्याचा आग्रह.

त्याच्यासमोर कोण रुग्ण होते, हे पाहिलं की त्याच्यावर रागावता येत नाही. हाडांचा क्षय झालेली मुलं, सडत चाललेले सांधे. प्रतिजैविकं नव्हती, क्ष-किरणही नव्हते. अशा सांध्याला हलवणं म्हणजे आग पसरवणं. विश्रांती हाच त्याच्याकडचा सर्वांत चांगला उपाय होता. गोंधळ पुढे झाला. क्षयाच्या मणक्यासाठी लिहिलेला नियम साध्या कंबरदुखीलाही लागू झाला, आणि स्ट्रेप्टोमायसिन आल्यावर क्षयाची बाजू बदलली तरी कंबरदुखीवाले पलंगावरच राहिले.

मग १९३४ साली बॉस्टनहून एक शोधनिबंध आला. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला मेंदू आणि मज्जारज्जूचा सर्जन विल्यम मिक्स्टर आणि अस्थितज्ज्ञ जोसेफ बार. त्यांच्याकडे स्कीइंग करताना पाठीला मार बसलेला, तिशीही न गाठलेला एक तरुण आला होता. गाठ असावी असं समजून १९३२ मध्ये मिक्स्टरने शस्त्रक्रिया केली, आणि काढलेला तुकडा कूर्चेची गाठ म्हणूनच नोंदवला गेला. बारला शंका आली. त्याने तो पुन्हा तपासला, तर ती गाठ नव्हती, मणक्यांमधल्या चकतीचाच बाहेर आलेला भाग होता. जुने नमुने काढून पाहिले तर तिथेही तेच. १९ रुग्णांवरचा त्यांचा लेख छापून आला आणि सायटिकाला चेहरा मिळाला.

शोध खराच होता. पण त्याने लोकांच्या मनात एक चित्र बसवलं : पाठ म्हणजे फुटलेला, सरकलेला भाग. फुटलेल्या वस्तूचं दोनच गोष्टी करतात, दुरुस्त करायची किंवा हलवायची नाही. आईच्या 'गादी सरकली'चं मूळ मला इथे सापडलं.

पुढे वाकणारा आणि मागे वाकणारा

दुसरी ओळ टेक्सासची. डॅलसचा अस्थितज्ज्ञ पॉल विल्यम्स याने १९३७ मध्ये आपले व्यायाम मांडले. त्याचं म्हणणं असं, की माणूस दोन पायांवर उभा राहिला आणि कमरेच्या कमानीमुळे चकत्यांच्या मागच्या कडेवर भार आला. तेव्हा ती कमान सपाट करा. गुडघे छातीशी घ्या, पोटाचे स्नायू बळकट करा, पुढे वाका. आपल्याकडचं पवनमुक्तासन त्याने पाहिलं असतं तर त्याला आनंद झाला असता. पुढची काही दशकं कंबरदुखीचा व्यायाम म्हणजे विल्यम्सचा व्यायाम, असंच चाललं.

तिसरी ओळ न्यूझीलंडची, आणि ती एका चुकीतून आली. १९५६ साली वेलिंग्टनमध्ये रॉबिन मॅकेन्झी नावाचा फिजिओथेरपिस्ट होता. त्याचा एक रुग्ण, इतिहासात 'मिस्टर स्मिथ' एवढ्याच नावाने उरलेला, तीन आठवडे येत होता आणि पायातली कळ काही जात नव्हती. त्या दिवशी मॅकेन्झीने त्याला आत जाऊन टेबलावर पालथं झोपायला सांगितलं. टेबलाचं एक टोक आधीच्या रुग्णासाठी उचलून ठेवलेलं होतं, ते खाली करायचं राहिलं. स्मिथ बिचारा तसाच झोपला, छाती वर आणि कंबर मागे मुडपलेली. त्या काळच्या समजुतीप्रमाणे ही सर्वांत धोक्याची अवस्था. मॅकेन्झी काही मिनिटांनी आत आला तेव्हा हादरलाच. पण स्मिथ म्हणाला, पायातली कळ गेली, आता फक्त कमरेत दुखतंय. दुसऱ्या दिवशी तेच मुद्दाम केलं, तर कमरेतलंही गेलं.

मॅकेन्झीने यातून दोन गोष्टी उचलल्या. पहिली सगळ्यांना माहीत आहे, मागे वाकण्याचे व्यायाम. आपल्याला ते भुजंगासन म्हणून ओळखीचे. दुसरी जास्त मोलाची आणि कमी प्रसिद्ध. दुखणं कमी झालं की वाढलं, एवढंच पाहू नका. ते कुठे सरकलं ते पाहा. पायातून कमरेकडे येत असेल, तर मधे कमरेत थोडं जास्त दुखलं तरी दिशा बरोबर आहे. कमरेतून पायाकडे उतरत असेल, तर व्यायाम कितीही शास्त्रोक्त असला तरी थांबा. बहुतेकांना मागे वाकून बरं वाटतं, पण काहींना पुढे वाकूनच, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याचे चाहते आणि विल्यम्सचे चाहते पुढे अनेक वर्षं भांडले. माझ्या फोनमधल्या दोन आणि तीन क्रमांकाच्या ओळी म्हणजे त्याच भांडणाचे पुण्यापर्यंत आलेले पडसाद.

चकतीत खुपसलेली सुई

पहिली ओळ, 'पुढे वाकू नका', तिला आकड्यांचा आधार आहे. स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या आल्फ नाकेमसन याने १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या चकतीत दाब मोजणारी सुई घातली आणि त्यांना उभं राहायला, बसायला, वाकायला सांगितलं. उभं असताना दाब १०० मानला, तर उताणं झोपल्यावर २५, नुसतं बसल्यावर १४०, आणि बसून पुढे झुकल्यावर १८५. हा तक्ता जगभरच्या दवाखान्यांत भिंतीवर लागला. मी दिवसाला दहा तास १८५ च्या घरात काढतो, हे वाचून मला घाम फुटला.

पण १९९९ मध्ये जर्मनीतल्या उल्म इथे विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या चकतीत नव्या पद्धतीचं यंत्र बसवून मोजणी केली. त्यात सैलावून बसल्यावरचा दाब उभं राहण्यापेक्षा किंचित कमीच भरला. माणूस एकच होता, त्यामुळे हा शेवटचा शब्द नव्हे. तरी तक्त्याइतकी गोष्ट सरळ नाही, हे कळलं. वजनाचं मात्र दोन्हीकडे पटतं. २० किलो वजन पाठ गोल करून उचललं तर दाब २.३ मेगापास्कल, गुडघे वाकवून उचललं तर १.७, आणि तेच वजन अंगाशी धरलं तर १.१. म्हणजे बादली उचलणं हा गुन्हा नव्हता. ती पायांपासून लांब ठेवून, कंबर गोल करून, अर्धवट झोपेत हिसडा मारून उचलणं नडलं.

'अर्धवट झोपेत' हेही उगाच नाही. रात्री आडवं झाल्यावर चकत्या पाणी शोषून फुगतात. उल्मच्या त्या स्वयंसेवकाच्या चकतीतला दाब सात तासांच्या झोपेत दुपटीहून वाढला होता. म्हणून उठल्या उठल्या वाकणं महागात पडतं. अमेरिकेतल्या स्नूक यांनी १९९८ मध्ये कंबरदुखीच्या रुग्णांना फक्त सकाळी लवकर वाकणं टाळायला लावलं, आणि तेवढ्यानेही त्यांचं दुखणं कमी झालं. 'वाकू नका' हा नियम चूक नव्हता. त्यातली वेळ, वजन आणि तऱ्हा गळून गेली आणि मागे नुसती भीती उरली.

राष्ट्राध्यक्षाचा कंबरपट्टा

भीतीचं औषध काय, याची एक गोष्ट व्हाइट हाउसची आहे. जॉन केनेडींच्या पाठीवर राष्ट्राध्यक्ष होण्याआधीच एकाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या होत्या. कंबरपट्टा, कुबड्या, वेदनाशामक इंजेक्शनं, सगळं चालू होतं. १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये हान्स क्राउस यांना बोलावलं गेलं. क्राउस मूळचे ऑस्ट्रियाकडचे, न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेले डॉक्टर, आणि जातिवंत गिर्यारोहक. त्यांचं निदान होतं, की या माणसाचे स्नायू आखडलेत आणि दुबळे झालेत. आठवड्यातून तीनदा व्यायाम, अगदी थोड्यापासून सुरुवात, आणि न चुकता. केनेडींना फरक पडला. क्राउस यांना तो पट्टाही सोडवायचा होता. तो पूर्ण सुटला नाही. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्येही तो त्यांच्या अंगावर होता.

एका माणसाच्या गोष्टीवरून नियम होत नाही. तो व्हायला १९८६ साल लागलं. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ इथे रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी कंबरदुखीचे २०३ रुग्ण घेतले. काहींना दोन दिवसांची विश्रांती सांगितली, काहींना सात दिवसांची. बरं होण्यात फरक पडला नाही. फक्त दोन दिवसवाल्यांची कामावरची गैरहजेरी ४५ टक्क्यांनी कमी भरली. १९९५ मध्ये हेलसिंकीत आणखी पुढचा प्रयोग झाला. नगरपालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांचे तीन गट. एकाला दोन दिवस झोपवलं, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम दिले, तिसऱ्याला सांगितलं, झेपेल तसं रोजचं जगा. सर्वांत लवकर तिसरा गट सावरला. झोपणारे सर्वांत मागे. पण व्यायामवाल्यांनाही पहिलं बक्षीस मिळालं नाही, हे व्यायामाच्या उत्साही भक्तांनी लक्षात ठेवावं. कळ ताजी असताना जिद्दीने व्यायाम करणं हेही शहाणपण नव्हे. व्यायामाची खरी पाळी ती ओसरायला लागल्यावर येते.

आणि तो एमआरआय? १९९४ मध्ये अमेरिकेत पाठदुखी नसलेल्या ९८ माणसांच्या पाठीचे एमआरआय काढले. त्यांतल्या ५२ टक्के लोकांची निदान एक चकती फुगलेली होती आणि २७ टक्के लोकांमध्ये माझ्यासारखं प्रोट्रूजन. ही माणसं मजेत हिंडत-फिरत होती. माझा रिपोर्ट खोटा नव्हता, पण तो जितका भयंकर वाटला तितका नव्हता.

औंध आणि पुणे

हे सगळं वाचताना मला सातारा जिल्ह्यातलं औंध आठवत होतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला, संस्थानच्या शाळांमधून ते सक्तीने घालायला लावले. एक सूर्यनमस्कार डोळ्यांसमोर आणा. आधी मागे, मग पुढे पायांपर्यंत, मग भुजंगासारखं मागे, पुन्हा पुढे. विल्यम्स आणि मॅकेन्झी एकाच दमात, आळीपाळीने! निरोगी पाठीला याहून चांगली फेरी क्वचितच मिळेल. पण ज्याच्या पोटरीत कळ उतरतेय, त्याला यातला अर्धा भाग औषध आणि अर्धा अपाय. कुठला अर्धा कुठला, ते माणसागणिक बदलतं. म्हणून ऐंशी वर्षांचे शेजारचे काका म्हणाले, "रोज बारा घाल, बघ कशी पळते कंबर," तेव्हा मी नुसता हसलो.

या प्रश्नाला पुण्यात एक उत्तर शोधलं गेलं होतं. १९३७ मध्ये बी. के. एस. अय्यंगार इथे आले. लहानपणी क्षयासकट अनेक आजारांतून गेलेला कृश मुलगा. त्यांनी पुढे आसनाला माणसाच्या मापाचं केलं. हात जमिनीला टेकत नाही? लाकडी ठोकळा घे. पाय ओढून धरता येत नाही? पट्टा घे. भिंतीच्या दोऱ्या, लोखंडी खुर्ची, लोड, सगळं आसनाच्या सेवेला. १९७९ मध्ये स्कूटरच्या अपघातात ते स्वतः जायबंदी झाले आणि त्यांनाही नवशिक्यासारखी पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. झांडरची यंत्रं आणि अय्यंगारांची खुर्ची यांच्यात मला एक नातं दिसतं. शरीराला व्यायामाच्या मापात कोंबण्याऐवजी दोघांनीही व्यायाम शरीराच्या मापाला आणला.

नोट, सुधारित

सातव्या आठवड्यात मी एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेलो. त्यांनी आधी तीन प्रश्न विचारले. लघवी-शौचावरचा ताबा सुटलाय का? जांघेत, बसायच्या जागी बधिर वाटतं का? पायातली ताकद कमी होत चाललीय का? यांतलं एकही 'हो' असतं तर व्यायाम राहू दे, तडक हॉस्पिटल, त्याच दिवशी. तिन्ही 'नाही' आल्यावर त्यांनी मला पालथं झोपवलं. दहा वेळा छाती उचलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "किती दुखतंय ते राहू दे. कुठे दुखतंय?"

कळ पोटरीतून मांडीत आली होती. वेलिंग्टनचा मिस्टर स्मिथ मला त्या खोलीत आठवला.

त्यानंतर चालणं, आधी दहा मिनिटं, मग वीस. मग कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल सांगतात ते तीन व्यायाम, ज्यांत पाठीचा कणा जवळपास न वाकवता आजूबाजूचे स्नायू कामाला लागतात. मग हलकं वजन, अंगाशी धरून. दर आठवड्याला थोडं थोडं. दोनदा कळ परत आली. दोन्ही वेळा दोन दिवस कमी केलं, पण बंद केलं नाही.

नोट मी पुसली नाही. प्रत्येक ओळीपुढे नाव आणि साल घातलं. 'पडून राहा', थॉमस, लिव्हरपूल, क्षयाच्या सांध्यांसाठी. 'गुडघे छातीशी', विल्यम्स, १९३७. 'छाती उचला', मॅकेन्झी, १९५६, कळ वर सरकत असेल तर. 'वाकू नका', नाकेमसन, पण सकाळी आणि वजन लांब धरून. खाली पाचवी ओळ घातली : आजची कळ कुठे आहे?

गेल्या महिन्यात रविवारी पहाटे ट्रेकला निघालो. उठून तासभर झाला होता. पलंगाच्या कडेला बसलो, डावा पाय उजव्या गुडघ्यावर घेतला आणि मोजा चढवला. आई दारात उभी होती. "जपून वाक रे," म्हणाली, आणि दुसरा मोजा हातात दिला.